फोटो कुठला? विचारा उपग्रहाला!

हार्ड डिस्कमध्ये ट्रेकचे ढीगभर फोटो पडलेत. बुरूज दिसतोय, पाण्याचं टाकं दिसतंय, दात काढून हसणारा अख्खा ग्रुप दिसतोय. पण हा बुरूज राजगडाचा की तोरण्याचा? सगळे गप्प! यावर झकास इलाज म्हणजे कॅमेऱ्याला जीपीएस जोडणं. मग प्रत्येक फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश आपोआप जाऊन बसतात. हेच ते जिओटॅगिंग. आणि यातली खरी मेख ऐका: 'कुठे?'चं उत्तर दर वेळी 'केव्हा?'मध्ये दडलेलं असतं. पटत नाही? चला, सुटू या सुसाट!

उपग्रहाला तुमचा पत्ताच नाही

माहीत आहे का? जीपीएसचा उपग्रह तुमची जागा कधीच सांगत नाही. तो आपला एकच घोष करत असतो, 'आत्ता इतके वाजलेत आणि मी इथे आहे.' २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघालेला हा निरोप तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. तो किती उशिरा आला यावरून तुमच्या हातातला रिसीव्हर अंतर काढतो. इथे एका मायक्रोसेकंदाची गफलत म्हणजे जमिनीवर ३०० मीटरचा घोळ! म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला नकाशा जोडत नाही, घड्याळ जोडता.

तीन तिगाडा, चौथा तारणहार

जागा शोधायला तीन उपग्रह पुरायला हवेत ना? भूमिती तसंच सांगते. मग चौथा कशाला? घड्याळासाठी! उपग्रहात असतं अणुघड्याळ, तुमच्या रिसीव्हरमध्ये असतं साधं क्वार्ट्झ. त्याची चूक दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो. तीनच मिळाले तर उंचीचा नेम उरत नाही आणि जागेचाही भरवसा कमी होतो.

आइन्स्टाइन कॅमेऱ्यात

उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. कारण? सापेक्षतावाद! वरच्या क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे ते ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं आणि वेगामुळे ७ मागे पडतं. हा हिशेब धरला नाही तर एका दिवसात चूक १० किलोमीटरच्या पुढे जाईल. शनिवारवाड्याचा फोटो पुण्याच्या वेशीबाहेर!

महाराष्ट्र दिनाची भेट

२००० सालचा १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची घोषणा. तोवर सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. त्या मध्यरात्री ही भेसळ बंद झाली आणि अचूकता एका फटक्यात सुमारे दहापट वाढली. अवघ्या दोन दिवसांत ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी एक डबा रानात लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि जिओकॅशिंग हा खेळ जन्माला आला. फोटोला पत्ता चिकटवण्याच्या छंदालाही खरे पाय फुटले ते यानंतरच.

तार जुळली!

आता मूळ मुद्द्यावर या. फोटोग्राफर जीपीएस जोडायचे कसे? अगदी शब्दशः तार लावून! २००५ च्या सुमाराचे निकॉन डी२एक्स आणि डी२०० आठवा. पुढच्या बाजूला दहा पिनांचं गोल सॉकेट. त्यात एमसी-३५ नावाची केबल खोचायची. तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा सिरीयल प्लग आणि त्याला गार्मिनसारख्या हँडहेल्ड जीपीएसची डेटा केबल. मग जीपीएसच्या इंटरफेस मेनूत 'एनएमईए' निवडायचं, वेग ४८०० बॉड.

सगळं जमलं की कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या पडद्यावर 'जीपीएस' ही अक्षरं उमटायची. अक्षरं लुकलुकताहेत? उपग्रहांचा शोध चालू आहे, थांबा. अक्षरं स्थिर? दाबा शटर! आणि दोन सेकंद डेटा आला नाही की अक्षरं गुल. फोटो निघायचा, पण बिनपत्त्याचा. प्लेबॅकमध्ये मात्र एक जादा पान मिळायचं: अक्षांश, रेखांश, उंची आणि जागतिक वेळ.

कॅमेरा बोलतो बोटीची बोली

ओळखा पाहू, केबलमधून नेमकं काय वाहतं? साधी अक्षरं! एनएमईए ०१८३ ही भाषा मुळात बोटींवरच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलावं म्हणून बनली. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला 'सेंटेन्स' म्हणतात. ते डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं, ८२ अक्षरांत संपतं आणि शेवटी ओळ नीट पोहोचली का ते तपासायला दोन अक्षरी खूण असते. समुद्राचं वळण आजही सुटलेलं नाही. यातल्या एका प्रमुख सेंटेन्समध्ये वेग नॉटमध्येच येतो, मग तुम्ही होडीत असा नाहीतर सह्याद्रीच्या माथ्यावर!

लाल दिवा, हिरवा दिवा

२००८ मध्ये निकॉनने डी९० सोबत जीपी-१ हे चिमुकलं युनिट आणलं. फ्लॅशच्या जागी बसवायचं, छोटी केबल लावायची, झालं काम. बॅटरी? कॅमेऱ्याचीच! त्यावरचा दिवा फार गुणी. लाल लुकलुकला तर उपग्रह नाहीत, हिरवा लुकलुकला तर तीन मिळाले, हिरवा स्थिर झाला तर चार किंवा जास्त. चौथ्याचं महत्त्व आता कळलं ना?

घाई कराल तर फसाल

माहीत आहे का? जीपीएस उपग्रह माहिती पाठवतो सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने. स्वतःच्या कक्षेचा नेमका तपशील तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. सगळ्या उपग्रहांची पूर्ण जंत्री यायला साडेबारा मिनिटं लागतात! म्हणून युनिट चालू करून लगेच क्लिक करायचं नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या ते चालू करून मोकळ्या आकाशाखाली ठेवा, तोवर बुटाची नाडी बांधा, पाणी प्या. आणि सांदण दरीसारख्या अरुंद घळीत आकाशाची पट्टीच दिसत असेल तर? आत शिरण्याआधीच जागा पकडून ठेवा.

तारेविना, तारांबळीविना

२००६ मध्ये सोनीने भलतीच शक्कल लढवली. जीपीएस-सीएस१ नावाची नळकांडी बॅगेला लटकवायची. कॅमेऱ्याशी जोडणी शून्य! ती दर १५ सेकंदांनी आपली जागा आणि वेळ टिपून ठेवायची. घरी आल्यावर सॉफ्टवेअर फोटोची वेळ बघायचं, त्या वेळी नळकांडी कुठे होती ते बघायचं आणि दोघांचं लग्न लावून द्यायचं. कुठलाही डिजिटल कॅमेरा चालतो, अगदी जुनापुराणासुद्धा. हीच युक्ती आज वाटचालीची नोंद ठेवणारी जीपीएक्स फाइल आणि फिल हार्वे यांचं फुकट मिळणारं एक्झिफटूल वापरून कोणीही करू शकतं.

एक मिनिट म्हणजे एक किलोमीटर

पण सावधान! या युक्तीचा जीव कॅमेऱ्याच्या घड्याळात आहे. गाडी ताशी ६० ने धावतेय आणि घड्याळ एक मिनिट चुकलंय? फोटो बरोब्बर एक किलोमीटर सरकला. उपाय ऐकून थक्क व्हाल: सहलीच्या सुरुवातीला जीपीएसच्या पडद्यावरच्या घड्याळाचाच एक फोटो काढा. पडद्यावरची वेळ आणि त्या फोटोत नोंदलेली वेळ यांतला फरक म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची चूक, सेकंदासकट. तेवढी सॉफ्टवेअरला सांगितली की सगळे फोटो आपापल्या जागी!

साडेपाचचा झोल

जीपीएसची नोंद असते जागतिक वेळेत आणि आपला कॅमेरा चालतो भारतीय वेळेवर, साडेपाच तास पुढे. हे सॉफ्टवेअरला सांगायला विसरलात तर? सकाळी साडेअकराला गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर काढलेला फोटो संध्याकाळी पाचला तुम्ही जिथे होतात तिथे, म्हणजे थेट रत्नागिरी स्टेशनवर! आणखी एक अजब गोष्ट: फोटोची सगळी माहिती साठवणाऱ्या एक्झिफ प्रमाणात टाइम झोन लिहायला रीतसर जागाच नव्हती. ती मिळाली २०१६ मध्ये!

अठरा सेकंदांची आघाडी

जीपीएसचं स्वतःचं घड्याळ ६ जानेवारी १९८० पासून एकाही लीप सेकंदासाठी, म्हणजे मधूनच वाढवलेल्या जादा सेकंदासाठी, थांबलेलं नाही. जागतिक वेळ मात्र मधूनमधून थांबली. परिणाम? २०१७ पासून जीपीएस १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर हा फरक वजा करून दाखवतो, पण त्यासाठी लागणारा आकडा त्याच साडेबारा मिनिटांच्या जंत्रीत येतो. म्हणून घड्याळाचा फोटो जरा उशिरानेच काढा!

१०२४ आठवड्यांचं पंचांग

जुनं जीपीएस माळ्यावरून काढलंत आणि तारीख वीसेक वर्षं मागची दिसतेय? घाबरू नका. जीपीएसचा मूळ सिग्नल आठवडे मोजतो आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतो. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं, ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं आणि पुढची पाळी २०३८ च्या नोव्हेंबरमध्ये. अशा यंत्राची जागा बरोबर असू शकते, पण तारीख हमखास दगा देते. फोटो जुळवण्याआधी ती तपासाच.

मुंबई समुद्राखाली?

गिरगाव चौपाटीवर अँड्रॉइड फोनने फोटो काढलात आणि उंची आली उणे साठेक मीटर? नाही, मुंबई बुडालेली नाही! जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. खरी समुद्रपातळी भारताच्या आसपास या आकाराच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर तब्बल १०६ मीटर खाली, जगात सर्वांत खोल! चांगलं जीपीएस युनिट हा फरक दुरुस्त करून देतं. एक्झिफमध्ये 'समुद्रपातळीच्या खाली' असं नोंदवायला वेगळा रकानाही आहे.

ग्रीनिचला जा आणि शून्य शोधा

लंडनच्या ग्रीनिचमध्ये जमिनीतल्या धातूच्या रेषेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून सगळे फोटो काढतात. जिओटॅग बघाल तर शून्य रेखांश नाहीच! जीपीएसचं शून्य त्या रेषेच्या १०२ मीटर पूर्वेला, बागेच्या हिरवळीतून जातं. जुन्या ज्योतिर्विदांनी ओळंबा धरून दिशा ठरवली होती. जीपीएस पृथ्वीचा मध्य धरून चालतं, म्हणून एवढी तफावत.

फोटोंचं काल्पनिक बेट

जगातले असंख्य चुकार फोटो एकाच ठिकाणी जमतात, कुठे माहीत आहे? आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशावर. जीपीएसने आकडाच दिला नाही आणि सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी शून्य भरलं की फोटो तिथे पोहोचतो. नकाशावाले या ठिकाणाला 'नल आयलंड' म्हणतात. बेटबिट काही नाही. पाण्यावर अनेक वर्षं डुलत होता तो हवामानाची नोंद करणारा एक तरंगता बोया, फक्त!

चीनमध्ये मंगळ

चीनच्या अधिकृत नकाशांत कायद्यानेच मुद्दाम चूक मिसळलेली असते. तुमचा जिओटॅग अचूक असला तरी तिथल्या नकाशावर फोटो शेकडो मीटर घसरलेला दिसू शकतो. चिनी लोकांनी या पद्धतीला ठेवलेलं टोपणनाव? 'मंगळाचे निर्देशांक'!

तोंड कुठे होतं?

जागा कळली, पण कॅमेरा बघत कुठे होता? एक्झिफमध्ये त्यालाही जागा आहे. शून्यापासून ३६० अंशांपर्यंत दिशा, शिवाय ती खऱ्या उत्तरेपासून मोजली की होकायंत्राच्या उत्तरेपासून, याचीही खूण! कॅननच्या २०१२ च्या जीपी-ई२ युनिटमध्ये यासाठी डिजिटल होकायंत्र बसवलंय. कड्यावरून समोर दिसणारं शिखर कोणतं, या वादावर कायमचा पडदा!

तारे स्थिर करणारं जीपीएस

हा नमुना खास आहे. पेंटॅक्सने २०११ मध्ये ओ-जीपीएस१ आणलं. ते जागा तर नोंदवतंच, पण के-५ सारख्या कॅमेऱ्यावर आणखी एक करामत करतं. तुम्ही कुठे आहात आणि कॅमेरा कुठे रोखलाय हे कळलं की तारे कसे सरकणार ते गणित सुटतं. मग कॅमेरा आतला सेन्सरच ताऱ्यांच्या मागे हलवतो! पाच मिनिटांपर्यंतच्या एक्सपोजरमध्येही तारे रेघा न होता ठिपकेच राहतात. पत्ता लिहिणारं यंत्र थेट आकाशदर्शनाच्या सेवेत!

अंतराळवीरांचाही हाच जुगाड

साधे जीपीएस रिसीव्हर १८ किलोमीटर उंची आणि १,००० नॉट वेग ओलांडला की काम थांबवतात. क्षेपणास्त्रात कोणी वापरू नये म्हणून ही मर्यादा. मग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने फिरणाऱ्या अंतराळ स्थानकातले फोटो? नासा कॅमेऱ्याची वेळ बघते, त्या क्षणी स्थानक पृथ्वीच्या कोणत्या बिंदूवर होतं ते काढते आणि तो बिंदू फोटोसोबत नोंदवते. सोनीच्या नळकांडीचीच युक्ती, फक्त ४०० किलोमीटर उंचीवर! तिथे घड्याळ एक सेकंद चुकलं तर आख्खं शहर हुकतं.

एका दिवसात बारा लाख

२००६ च्या ऑगस्टमध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाने फोटो नकाशावर टाकायची सोय दिली. पहिल्या २४ तासांत १२ लाखांहून जास्त फोटोंना जागा मिळाली! लोक जणू वाटच बघत होते.

नाशिककरांनो, तुम्ही विशीत!

अलेक्स जॅरेट या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये 'डिग्री कॉन्फ्लुअन्स' प्रकल्प सुरू केला. पूर्ण अंशांचे अक्षांश आणि रेखांश जिथे छेदतात त्या प्रत्येक बिंदूवर जायचं आणि जीपीएसचा पडदा व आजूबाजूचा देखावा टिपायचा. असे बिंदू महाराष्ट्रातही विखुरलेत. एक नवी मुंबईच्या परिसरात, एक मंचरच्या आसपास. आणि २० अंशांचा अक्षांश? तो थेट नाशिक शहरातून जातो!

मांजर, माफिया नव्हे, मॅकॅफी

जिओटॅग कधी कधी चुगलीही करतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी पोलिसांना गुंगारा देत फिरत होते. एका मासिकाने त्यांच्यासोबतचा आयफोनवरचा फोटो टाकला आणि फोटोतल्या अक्षांश-रेखांशाने ग्वाटेमालातला ठिकाणा फोडला. दोनच दिवसांत ते अटकेत!

२०१४ मध्ये ओवेन मंडी या प्राध्यापकांनी लोकांनी स्वतःच जाहीर केलेले दहा लाख मांजरांचे फोटो जगाच्या नकाशावर टाकले, कारण त्यांना दाखवायचं होतं की आपण किती सहज घर उघडं टाकतो. तेव्हा घरातल्या फोटोंसाठी टॅग बंद. जंगलात गेंडा, घरटं, दुर्मीळ ऑर्किड दिसलं तर जागा जवळ ठेवा, जगजाहीर करू नका. चोरट्या शिकाऱ्यालाही नकाशा वाचता येतो. हे अगदी मनापासून सांगणं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता कट

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलात की त्यातला जिओटॅग गळून पडतो. ग्रुपवर फोटो पोहोचला, पत्ता कट! जागेसकट पाठवायचाय? 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा पोहोचेल.

वाघोबांचा विश्वविक्रम

जागा ठाऊक असलेले फोटो काय करू शकतात? भारताची २०१८-१९ ची व्याघ्रगणना बघा. २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो. त्यांत ७६,६५१ वाघांचे आणि ५१,७७७ बिबट्यांचे. गिनीजमध्ये नोंद झालेला हा विक्रम! कोणता फोटो कोणत्या ठिकाणचा हे माहीत नसतं तर ते नुसते पट्ट्यांचे फोटो उरले असते. ठिकाण आणि वेळ कळली म्हणून त्यांतून गणना उभी राहिली.

सातबाऱ्यावर सेल्फी? नव्हे, पीक!

आणि शेतात चला. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो घेतो, अ‍ॅप अक्षांश-रेखांश टिपतं आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर जाते. एके काळी दहा पिनांच्या केबलने होणारं काम आज शेतकऱ्याच्या खिशातला फोन करतो.

आता तुमची पाळी

जुना डीएसएलआर आहे? जोडा जीपीएस युनिट. नवा कॅमेरा आहे? कंपनीचं अ‍ॅप घ्या, ब्लूटूथवरून फोनच जीपीएस होईल आणि कॅमेऱ्याचं घड्याळही बरेचदा तोच जुळवून देईल. काहीच नाही? फोनवर जीपीएक्स ट्रॅक चालू ठेवा आणि घरी येऊन जुळवा. दरड कोसळून वाट बदलते, तळं बुजतं, वाड्याच्या जागी टॉवर येतो. तेव्हा 'नेमकं इथेच होतं' असं ठणकावून सांगायला जागा आणि वेळ नोंदलेला फोटो लागतो. म्हणून पुढच्या ट्रेकच्या यादीत पाणी, टोपी, शिट्टी यांच्याखाली एक ओळ वाढवा: कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदासकट लावणे. बाकीचं उपग्रह बघून घेतील!